ओळखदाराच्या सहीपासून चेहऱ्याच्या पडताळणीपर्यंत

आपण कोण आहोत हे बँकेला पटवून देण्याची रीत माझ्या हयातीत जितकी पालटली, तितके त्या व्यवहारातले दुसरे काहीही पालटले नाही, असे मला वाटते.

माझ्या लहानपणी फोंड्यात बँकेचा विषय निघाला की मोठी माणसे बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेकडे गहाण राहिलेल्या दागिन्यांविषयी बोलत. गोवा मुक्त होण्याच्या सुमारास ते सोने लिस्बनला नेले गेले आणि परत आले ते थेट १९९१ साली. तोवर गहाण ठेवणाऱ्यांपैकी कितीतरी जण निवर्तले होते. त्यामुळे १९६९च्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा वाढू लागल्या, तरी आमच्या घरातला पैसा बराच काळ कपाटातल्या डब्यातच राहिला.

शाळेत नोकरीला लागल्यावर मी बचत खाते उघडले, तेव्हा आधीपासून खाते असलेल्या कुणाची तरी ओळखदार म्हणून सही आणावी लागे. वडिलांच्या परिचयाच्या एका दुकानदाराने ती दिली आणि माझे काम झाले. पैसे काढताना स्लिप भरायची, पितळी टोकन घेऊन बाकावर बसायचे आणि कारकुनाने जाड लेजर उघडून नमुना सहीशी आपली सही ताडून पाहीपर्यंत वाट पाहायची. खाते त्या शाखेचेच असे. मडगावला पैसे हवे असतील तर ते रोख न्यायचे किंवा ड्राफ्ट काढायचा. बाजारातल्या छोट्या दुकानदारांना मात्र बँकेची पायरीही चढावी लागत नसे, कारण पिग्मीचा, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीचा, एजंट रोज संध्याकाळी ती रक्कम घ्यायला दारात येई. सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केलेली ही योजना आमच्या भागात इतकी रुजली की दुसऱ्या बँकांच्या आणि पतसंस्थांच्या रोजच्या ठेवीलाही लोक पिग्मीच म्हणत.

त्या काळाच्या आठवणी काढून हळवे होणारे माझे समवयस्क एक गोष्ट विसरतात. ओळखदार मिळायला खातेदारांत ऊठबस असावी लागे, आणि मुंडकारांच्या (जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्यांच्या), मजुरांच्या घरांतल्या बायकांना ती कुठून असणार? २०१४च्या जनधन योजनेने आणि आधार कार्डाने ही अडचण बरीच दूर केली. गृह आधार या गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या योजनेची रक्कम आज गृहिणीच्या स्वतःच्या खात्यात जमा होते, हा बदल मला एटीएमपेक्षाही मोठा वाटतो.

सगळ्या शाखा संगणकाने जोडणारे कोअर बँकिंग आल्यावर खाते शाखेच्या भिंतींतून सुटले. २०१६ साली यूपीआय आले आणि आता म्हापशाच्या बाजारात मिरच्या विकणारीही क्यूआर कोड पुढे करते. याची सोय मीही रोज घेतो, परंतु पूर्वी सही जुळते की नाही हे पाहण्याची जी जबाबदारी कारकुनाची होती, ती ओटीपीच्या रूपाने आमच्यावर आली आहे. फोनवर गोड बोलणाऱ्याला तो आकडा सांगितला की पुढची धावपळ आपलीच, आणि ज्याच्यासमोर बसून तक्रार करावी तो माणूस शाखेत सापडेलच असे नाही.

पेन्शनरांनी नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. आमच्या शेजारच्या वहिनींचे अंगठ्याचे ठसे शेतीकामाने झिजले आहेत. यंत्र ते वाचत नसे, म्हणून त्यांना दरवर्षी दोन-तीन हेलपाटे पडत. चेहऱ्याची सोय झाल्यापासून त्यांचा दाखला मीच माझ्या फोनवरून पाठवतो.