मूल पुढे आहे, पण नेमकं कशात?

चौथ्या वर्षीच मूल घडाघडा वाचू लागलं की पालक घरी शिकवण्यासाठी थेट पहिलीच्या पुस्तकांचा अख्खा संच मागवतात. इथेच गाडी अडते. वाचन दुसरीचं, बेरीज पहिलीची आणि पेन्सिल धरणारी बोटं मात्र चार वर्षांचीच, असं अनेकदा असतं. म्हणून प्रत्येक विषयाची पातळी वेगळी ठरवा.

वाचनासाठी निवडलेल्या पुस्तकातला १०० शब्दांचा अनोळखी उतारा मोठ्याने वाचून घ्या. ५ पर्यंत चुका झाल्या तर ते पुस्तक मूल एकटं वाचेल. ६ ते १० झाल्या तर तुम्ही शेजारी बसून शिकवण्याजोगं आहे. त्याहून जास्त झाल्या तर जड. मग गोष्ट त्याच्या शब्दांत सांगायला लावा. नुसती अक्षरं जुळवणारं मूल इथे अडखळतं.

गणितात शंभरपर्यंत म्हणून दाखवणं निव्वळ पाठांतर असू शकतं. ७ बटणं मोजून घ्या, त्याच्यासमोरच ती पसरा आणि पुन्हा "किती?" विचारा. पहिल्यापासून मोजू लागलं तर बेरजेचं पुस्तक थोडं लांबवा.

लिहिताना रडारड होते ती बहुधा बुद्धीमुळे नव्हे, बोटांमुळे. उत्तरं तोंडी घ्या, तुम्ही लिहा. हाताला माती, कात्री, मणी द्या. एका बैठकीला १०-१५ मिनिटं पुरे.

खालची पातळी वगळायची असेल तर तिच्या शेवटच्या चाचण्या आधी सोडवून घ्या. जे धडे कच्चे निघतील तेवढेच शिकवा, बाकीचे खुशाल सोडा. आणि नमुना धडे आठवडाभर वापरून पाहिल्याशिवाय वर्षभराचा संच घेऊ नका.