त्रेसष्ट विहिरी आणि एक ओढा

१४ जानेवारी हा भूगोल दिन. डॉ. सी. डी. देशपांडे यांच्या जन्मदिवशी महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांत तो साजरा होतो, तसा आमच्या विभागातही होतो. त्या दिवशी जिन्यासमोरच्या फलकावर वर्षभरातल्या बातम्या लागतात. कोण नेट-सेट पास झालं, कुणाला संशोधनासाठीची जेआरएफ शिष्यवृत्ती मिळाली, कुणाची जीआयएसच्या, म्हणजे संगणकावर नकाशे करायच्या, नोकरीत निवड झाली. यंदा त्यात माझं नाव होतं. 'आविष्कार संशोधन महोत्सव, विद्यापीठ स्तर, द्वितीय क्रमांक, राज्य स्तरासाठी निवड.' एवढी एकच ओळ. आविष्कार म्हणजे विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची संशोधन स्पर्धा आणि माझा विषय होता आमच्या गावातल्या विहिरींचं पाणी. दुसऱ्या दिवसापासून एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या दोन मुली मागे लागल्या. ताई, विषय कसा निवडलात? पोस्टरमध्ये काय काय घालायचं? परीक्षक काय विचारतात? तुकड्यातुकड्यांनी सांगत होते, मग म्हटलं सगळं एकदाचं लिहूनच काढावं.

माझं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पूर्वेला. सातारा जिल्ह्याचा पाऊस आम्ही दुसऱ्या सेमिस्टरला शिकलो तेव्हा वर्गात मला वेगळंच वाटत होतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि आमच्याकडे सुमारे पाचशे. मधलं अंतर सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरच. पर्जन्यछाया हा शब्द इतरांसाठी परीक्षेपुरता होता. माझ्यासाठी तो चारा छावणी होता, टँकरपुढची घागरींची रांग होती.

तरी प्रबंधाला मी आधी निवडला होता शहराचा विस्तार. उपग्रहाच्या जुन्या-नव्या प्रतिमा घ्यायच्या, बांधकामाखालचं क्षेत्र किती वाढलं ते काढायचं. दरवर्षी आमच्याकडे दोघं-तिघं हेच करतात आणि ते व्यवस्थित पारही पडतं. मार्गदर्शक मॅडमनी प्रस्ताव वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुझ्या गावातलं असं कुठलं कोडं आहे का, जे तुला लहानपणापासून पडलंय?"

मला विचार करावा लागला नाही. आमची विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते आणि दोन बांध पलीकडे असलेल्या चुलत्यांच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं. पाऊस तोच, मातीही वरून बघता तीच. घरात यावर 'त्यांचं नशीब' यापलीकडे कधी कुणी बोललं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "हाच विषय. गावातली प्रत्येक विहीर मोज."

सुरुवात नेहमीसारखी झाली. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे उंचसखलपणा, ओढे, गावं दाखवणारा नकाशा घेतला, आमच्या भागाचा ४७ के/१०. वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा, निळे ओढे, गावाचं नाव. मग एसआरटीएमचं, म्हणजे अंतराळातून रडारने मोजलेलं, जमिनीच्या उंचीचं डेटासेट उतरवून घेतलं आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढ्यांचं जाळं काढलं. संगणक प्रत्येक चौकटीतलं पाणी सगळ्यात उताराच्या शेजारच्या चौकटीत ढकलतो आणि त्यातून ओढे तयार होतात. तीन दिवसांत सुंदर नकाशा हातात आला. पहिल्या श्रेणीचे म्हणजे उगमाकडचे लहान ओढे, ते मिळून झालेले दुसऱ्या, तिसऱ्या श्रेणीचे, सगळे माणगंगा नदीकडे धावणारे. मी तो मोबाइलवर घरी पाठवला. वडिलांनी तो सगळ्यांना दाखवला.

विहिरींचं काम मे महिन्यात सुरू केलं. ज्यांना असं काम करायचं आहे त्यांच्यासाठी हा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण पुस्तकात तो दोन ओळींत संपतो.

तीस मीटरचा टेप घेतला आणि टोकाला वजन म्हणून लोखंडी नट बांधला. नट पाण्याला टेकला की 'डुब्' असा बारीक आवाज येतो. तिथे टेप कठड्याशी दाबून धरायचा, आकडा वाचायचा आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची. मग विहिरीचा व्यास, एकूण खोली, कुठल्या साली खोदली, खडक कितीवर लागला. मोबाइलच्या जीपीएसवर अक्षांश-रेखांश. मोकळ्या रानात चार-पाच मीटरच्या फरकाने जागा बरोबर येते, एवढ्या कामाला ते पुरतं.

यात खरी अडचण आहे ती मोटारीची. मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद झाल्यावर पाणी मोजलं तर पातळी खाली गेलेली दिसते आणि तो आकडा काही कामाचा नसतो. शेतीची लाइट आमच्याकडे आठवड्याआठवड्याने बदलते. दिवसा लाइट असेल तर पहाटे, मोटार सुरू व्हायच्या आत जायचं. रात्रपाळी असेल तर लोक पहाटेपर्यंत पाणी देतात, मग विहिरीला भरून यायला वेळ द्यायचा आणि संध्याकाळी जायचं. पहिल्या अकरा विहिरींचे आकडे मी हे न विचारता घेतले होते. कळल्यावर ते सगळे खोडले आणि पुन्हा मोजले. तेव्हापासून फॉर्मवर पहिलाच रकाना 'मोटार शेवटची कधी चालली' हा ठेवला.

लोकांचा संशय हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. गावचीच मुलगी असूनही मला विचारलं गेलं, की सर्व्हे कशाचा? अनुदान आलंय का? विहिरीवर काही कर बसणार आहे का? मी प्रत्येकाला सांगितलं की हे माझ्या परीक्षेचं काम आहे, यातून पैसे मिळणार नाहीत आणि कुणाचं काही जाणारही नाही. काहींनी तरी नाही म्हटलं. त्यांच्या विहिरी मी सोडल्या. परवानगी न घेता कुणाच्या विहिरीत टेप सोडायचा नाही, हे मॅडमनी आधीच बजावलं होतं आणि ते मला मनापासून पटतं.

मे महिन्यात त्रेसष्ट विहिरी मोजून झाल्या. परत आल्यावर त्या आकड्यांवरून मी भूजल पातळीचा रंगीत नकाशा केला. दोन विहिरींच्या मधल्या जागी पातळी किती असेल ते संगणक अंतरावरून काढतो आणि सगळं गाव निळ्या-तांबड्या छटांनी भरून टाकतो. दिसायला तो नकाशा फारच देखणा होता.

मॅडम बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. मग आमची विहीर आणि चुलत्यांची विहीर यांच्यामध्ये पेन्सिलीचं टोक ठेवून म्हणाल्या, "या दोन विहिरींच्या मधलं पाणी तू कुठून आणलंस?"

मला उत्तर देता आलं नाही. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी तळ्यासारखं सलग पसरलेलं नसतं. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. वरचा झिजलेला भाग म्हणजे मुरूम, त्यात पाणी मुरतं आणि राहतं. मांजऱ्या खडकात पोकळ्या असतात, त्या झिजल्या-फुटलेल्या असल्या तर तोही पाणी धरतो. काळा पाषाण मात्र चिरा नसतील तर थेंब सोडत नाही. आमच्या विहिरीला अठरा फुटांवर पाषाण लागलाय, चुलत्यांच्या विहिरीला तीस फुटांपर्यंत मुरूम आणि मांजऱ्या आहे. माझ्याच फॉर्मवर हे लिहिलेलं होतं आणि नकाशात मी त्या दोन विहिरींना एकाच निळ्या पट्ट्यानं जोडलं होतं. तो नकाशा मी काढून टाकला. त्याच्या जागी प्रत्येक विहिरीवर एक वर्तुळ काढलं, पाण्याच्या खोलीनुसार लहान-मोठं. मधली जागा पांढरी ठेवली, जे मोजलं नाही ते रंगवलं नाही. तो नकाशा साधा दिसतो, पण माझा सगळ्यात जास्त जीव त्याच्यावरच आहे.

कोड्याचा दुसरा अर्धा भाग दिवाळीत सुटला. पावसाळ्यानंतरची मोजणी नोव्हेंबरात करायची होती, म्हणून नकाशे छापून गावी नेले. देवळासमोर पारावर ते पसरले तेव्हा शेजारचे आबा येऊन बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस, शाळा चौथीपर्यंत. देऊळ कुठलं, शाळा कुठली एवढं मी दाखवलं आणि मग ते बोटाने ओढ्यावरून पुढे पुढे जायला लागले. एका जागी बोट थांबलं.

"पोरी, ह्यो वढा हितनं कुटं जातोय?"

"आबा, नकाशावर तसाच आलाय."

"न्हाय न्हाय. तळ्याच्या बांधातनं पाणी कसं जाईल? सांडव्यातनं बाहीर पडतंय आन् म्हसोबाच्या खालनं तिकडं वळतंय. आम्ही खोदलाय त्यो बांध, बहात्तरच्या दुष्काळात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आणि मी निघालो. मोबाइलवर वाटेची नोंद चालू ठेवली आणि त्यांच्या मागे मागे ओढ्याच्या काठाने चालत राहिले. पाझर तलाव, त्याचा सांडवा, म्हसोबाचा माळ, तिथून डावीकडे वळण. ओढा चुलत्यांच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावरून जात होता, म्हणजे त्याचं मुरणारं पाणी त्यांच्याच बाजूला होतं. माझ्या नकाशात तो सरळ बांध फोडून आमच्या विहिरीजवळून गेला होता.

चूक कुठे झाली ते मग कळलं. एसआरटीएमची एक चौकट तीस मीटरची, मातीचा अरुंद बांध त्यात विरघळून जातो. वर संगणक खळगे भरून सपाट करतो, म्हणून तलावाच्या जागेवरून त्याने पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ मारली होती. शिवाय ती उंची फेब्रुवारी २००० मध्ये मोजलेली. आमच्या भागात त्यानंतर जमिनीवर केवढं काम झालंय! जलयुक्त शिवारात नाले खोल झाले. गावांनी श्रमदानाने जलसंधारण करायच्या वॉटर कप स्पर्धेत २०१८ साली आमच्या तालुक्यातलं टाकेवाडी पहिलं आलं, त्या काळात आसपासच्या गावांत माळामाळावर लोकांनी श्रमदानाने समतल चर खोदले. दोन फूट रुंदीचा चर तीस मीटरच्या चौकटीत दिसणार कसा? तो दाखवायला आबाच लागतात. प्रबंधात मी संगणकाचा ओढा आणि चालून काढलेला ओढा असे दोन्ही शेजारी शेजारी छापले.

आता आविष्कारबद्दल. राज्यपालांच्या, म्हणजे कुलपतींच्या पुढाकाराने २००६ पासून हा महोत्सव होतो. आधी स्थानिक फेऱ्या, मग विद्यापीठ आणि मग राज्य. भूगोलवाल्यांपुढे पहिला प्रश्न गटाचा असतो, मानव्यविद्या की शुद्ध विज्ञान. माझी पदवी एम.एस्सी., म्हणून मी विज्ञानात नाव दिलं. त्यामुळे समोरचे एक परीक्षक रसायनशास्त्राचे होते आणि टोपोशीट म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं. मला त्याचा फायदाच झाला, कारण पारावर आबांना सांगितलं होतं तसंच सांगितलं.

पोस्टरवर मजकूर कमी ठेवा. माझ्या पहिल्या पोस्टरवर दोन पानांचा निबंध होता, मॅडमनी तीन चतुर्थांश कापला. वर्तुळांचा नकाशा, दोन ओढे आणि दोन विहिरींचे उभे छेद, म्हणजे किती खोलीवर कुठला खडक ते दाखवणाऱ्या आकृत्या, बास. पाच-सात मिनिटांत परीक्षक पुढे जातात.

त्यांनी विचारलेले दोन प्रश्न सांगते. एक, बोअरवेल का घेतल्या नाहीत? बोअरला केसिंग, म्हणजे आत बसवलेली नळी, आणि वर मोटारीचा पाइप, टेप आत जात नाही. त्यांच्या नुसत्या जागा नोंदवल्या आहेत. दुसरा, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पातळी मोजतेच, मग हे कशाला? त्यांच्या निरीक्षण विहिरींवरून पाणलोटाचं चित्र कळतं. एका गावात विहिरीविहिरीत किती फरक असतो ते कळायला सगळ्याच विहिरींत टेप सोडावा लागतो. हे उत्तर देताना माझा आवाज चढला होता, असं मैत्रिणीने नंतर सांगितलं.

राज्य स्तरावर माझा क्रमांक आला नाही. तिथल्या एका परीक्षकांनी नेमकं बोट ठेवलं. एका वर्षाच्या दोन मोजण्यांवरून पातळी वाढतेय की घटतेय ते सांगता येत नाही. बरोबर आहे, मी तसा दावा केलाही नव्हता, पण पुढचं काम काय ते त्यांनी दाखवून दिलं. त्या रात्री वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेला सरपंचांनी नकाशा दाखवायला बोलावलं. चार बाय सहा फुटांचा फ्लेक्स करून नेला होता. प्रत्येकाने आधी स्वतःची विहीर शोधली, मग शेजाऱ्याची. मे महिन्यात मला नाही म्हणालेले एक काका बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "आमचीबी टाक की हितं." वडिलांनी आणि चुलत्यांनी दोन छेद शेजारी शेजारी बघितले. चुलते काही बोलले नाहीत. परतताना वडील म्हणाले, आपली विहीर आणखी खोल खोदायचे पैसे यंदा घालवायचे नाहीत, खाली पाषाणच आहे.

मे महिन्यात पुन्हा मोजणी आहे, आता चौसष्ट विहिरींची. पहिल्या वर्षाच्या त्या दोघींपैकी एक येणार आहे. तिला सांगून ठेवलंय की निघायच्या आदल्या दिवशी गावात लाइटीचं वेळापत्रक विचार, आणि टेपला बांधायला नट आठवणीने घे.