एकास सदतीस

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं पत्र आलं आणि मला पहिल्यांदा आठवली ती कार्यानुभवाची खोली. संपादक मंडळ रागावणार नसेल तर मी फक्त कार्यानुभवाच्या सरांबद्दलच लिहितो. बाकीच्या गुरुजनांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

प्रदर्शनासाठी आम्हा चौघांना बोरघाटातल्या रेल्वेचं मॉडेल करायचं होतं. कर्जतच्या पोरांना दुसरं सुचणार तरी काय? एका पालकांनी शाळेला एचओ मापाचे, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचे (१:८७), रूळ, डबे आणि दोन इंजिनं दिली होती. सरांनी आधी हिशेब करायला लावला. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, त्या मापाने टेबल सव्वातीनशे मीटर! शिवाय आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर; त्या मापाने ते एकोणीस मिलिमीटरच्या वर हवं, आणि हे साडेसोळाचं. "लबाडी करताय. करा, पण माहीत असू द्या," इतकंच म्हणाले.

डोंगर झाले कोंबड्यांच्या जाळीवर खळीत बुडवलेल्या रद्दीचे, वरून प्लास्टर. झाडं घोसाळ्याच्या जाळीची. वखारीतला भुसा आम्ही हिरवागार रंगवला, तर सरांनी विचारलं, "हा घाट कुठल्या महिन्यातला? प्रदर्शन जानेवारीत आहे." निम्मा भुसा परत पिवळट रंगवला. खडीसाठी उल्हासची रेती चहाच्या गाळणीने चाळून रुळांत पसरायची आणि पाणी घातलेला फेविकॉल ड्रॉपरने थेंबथेंब सोडायचा. थेंब रेतीवर गोल बसून राहायचा, आत जिरायचाच नाही. सरांनी त्यात चिमूटभर निरमा टाकला आणि तो सरसर उतरला.

चढ मात्र सरांनी खरा ठेवायला लावला: १८६३ पासूनचा एकास सदतीस, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. आठ फुटांत जेमतेम अडीच इंच. एवढाच? आमची निराशाच झाली. पण सहा डबे जोडले तर अर्ध्यात चाकं जागच्या जागी फिरायला लागली. आम्ही सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बसा." बसलो. पुण्याची गाडी आली आणि मागून बँकर, म्हणजे घाटात गाडी ढकलणारी, इंजिनं लागली! ज्यांच्या धडधडीत आम्ही लहानाचे मोठे झालो, ती डोक्यात कधी शिरलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी दुसरं इंजिन मागे लावलं, तर वळणावर हलके डबे उचलून पडायला लागले. मग प्रत्येक डब्याच्या तळाशी सायकलचे छर्रे चिकटवले. गाडी खंडाळ्याला पोचली तेव्हा सर टाळ्या वगैरे वाजवत बसले नाहीत, कंट्रोलर घेऊन स्वतःच चार फेऱ्या मारल्या.

आमच्यातला एक आज लोको पायलट आहे. मी पुलांची डिझाइनं करतो, आणि कामावर नव्याने येणाऱ्या मुलांना कागद उघडण्याआधी जागेवर पाठवतो. कोथरूडला भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. तिथे मुलीला घेऊन गेलो तर ती कंटाळली आणि मीच तासभर हललो नाही. सर असायला हवे होते.

कार्यानुभवाच्या खोलीत आता संगणक आहेत, असं ऐकतो. असू देत. पण प्रकल्प म्हणून दुकानातून तयार थर्माकोलची मॉडेलं येतात, हे काही बरं वाटत नाही.

टेबल शाळेच्या माळ्यावर असेल तर कृपया कळवावं. शाळेने साहित्य निकालात काढलं तेव्हा दोन्ही इंजिनं मी विकत घेतली होती. ती अजून चालतात. कंट्रोलर मात्र नवा घ्यावा लागेल.