आरशानं बोलणारी चौकी
आज सैनिक टाकळीला आत्याकडं गेलतो, मामा सैन्याच्या सिग्नल खात्यातनं, म्हणजे निरोप पाठवणाऱ्या खात्यातनं, रिटायर झालेले, जेवण झालं आणि विषय निघाला सारागढीच्या लढाईचा. २१ जवान लढले एवढं माहीत होतं, पण ती चौकी तिथं कशासाठी होती, हे आज कळलं.

आता पाकिस्तानात असलेल्या समाना डोंगररांगेवर लॉकहार्ट आणि गुलिस्तान असे दोन किल्ले, पण मध्ये डोंगर आडवा आल्यानं एकमेकांना दिसायचे नाहीत, म्हणून मधल्या उंचवट्यावर ही बारकी चौकी बांधली, निरोप पोचवायला. हेलिओग्राफ म्हणजे आरसा हो, सूर्याचा उजेड पकडायचा, खटका दाबला की आरसा हलतो आणि लांबच्याला मोर्सची, म्हणजे लांब-आखूड खुणांच्या लिपीची, उघडझाप दिसते. मामांनी पोर्चमध्ये दाढीचा आरसा घेऊन समोरच्या भिंतीवर करून दाखवलं, पोरं नुसती बघत बसली.

१२ सप्टेंबर १८९७. बाहेर हजारो पठाण, आत ३६ व्या शीख पलटणीचे २१. गुरमुख सिंग एकटा आरशावर, सगळी लढाई लॉकहार्टला कळवत होता. शेवटी त्यानं परवानगी मागितली, आता आरसा ठेवून रायफल घेऊ का. परवानगी आल्यावर यंत्र नीट पिशवीत भरलं आणि मग लढायला उतरला.

नीट पिशवीत भरलं, हे सांगताना मामा थांबले. म्हणाले, सिग्नलवाला सेट असा टाकून जात नाही रं.

२१ जणांनाही इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट मिळालं, हिंदी जवानाला तेव्हा मिळणारा शौर्याचा सगळ्यात मोठा मान. येताना शिरोळपर्यंत गाडीत कोणच बोललं नाही.