समोवार आणि बशी

परवा दुपारी एका घरी चहा मगातून आला आणि त्याचा कान धरताना लक्षात आले, की खाली बशी नाही. हल्ली ती कुठेच नसते. असलीच तर कप टेकवण्यापुरती. तिच्यात चहा ओतून, फुंकर घालून, फुरके मारत पिणारा माणूस चारचौघांत गावंढळ ठरतो. आमचे आजोबा आयुष्यभर बशीतूनच चहा प्यायले. ओटीवर बसून ती बशी बोटांवर तोलण्याचे त्यांचे कसब असे होते, की धोतरावर थेंब पडलेला मी कधी पाहिला नाही. रशियातले व्यापारी आणि त्यांच्या बायकाही पिढ्यान् पिढ्या अशीच बशी बोटांच्या टोकांवर धरून चहा पीत असत, हे वाचले तेव्हापासून त्या देशाविषयी मला एक विनाकारण जिव्हाळा आहे.

ज्यांच्या लहानपणी आंघोळीचे पाणी बंबात तापत होते, त्यांना समोवार, म्हणजे चहाचे पाणी उकळण्याचे रशियन भांडे, समजावून सांगावा लागत नाही. मधोमध उभी नळी, नळीत विस्तव, भोवती पाणी आणि खाली तोटी. आमच्या बंबात गोवऱ्या आणि ढलप्या जात. तिकडे कोळसा, ढलप्या आणि पाइनची वाळलेली बोंडे. विस्तव मंदावला, की आम्ही फुंकणी शोधत असू. रशियन माणूस आपल्या लांब बुटाचा गळा नळीच्या तोंडावर बसवून त्या बुटाचाच भाता करी. जाणकार म्हणे पाण्याकडे कानाने बघत: ते आधी गाते, मग गुणगुणते, मग खळखळते, आणि चहासाठी ते मधल्या अवस्थेत घ्यायचे असते. मॉस्कोच्या दक्षिणेला असलेले तूला हे शहर बंदुकांसाठी जितके प्रसिद्ध, तितकेच समोवारांसाठी. तिथे लिसित्सिन बंधूंचा कारखाना १७७८ मध्ये सुरू झाला, आणि पुढे ‘तूलाला जाताना आपला समोवार नेऊ नये’ अशी म्हणच पडली.

चहा मात्र रशियाचा नव्हता. मंगोल खानाने १६३८ मध्ये झार मिखाईलला तो नजराणा म्हणून पाठवला, तेव्हा ही वाळकी पाने घेऊन जायला झारचा वकील नाखूश होता, असे सांगतात. पुढे क्याख्ता या सरहद्दीवरच्या ठाण्यातून चिनी चहाचे तांडे महिनोन् महिने सायबेरिया तुडवत येऊ लागले. इतक्या दुरून आलेली वस्तू कोणी घटाघट पीत नाही. लहान किटलीत अगदी कडक अर्क काढायचा, ती किटली समोवारच्या डोक्यावर ऊबेला ठेवायची, आणि ज्याच्या त्याच्या पेल्यात थोडा अर्क ओतून वर उकळते पाणी घालायचे. आपल्याकडे चहात वरून पाणी घालणाऱ्या गृहिणीची चारी बाजूंनी टिंगल होते. तिकडे तीच रीत आहे आणि ती मला मनापासून पटते, कारण कडक-फिका हा निर्णय पिणाऱ्याचा असावा. दूध बहुधा नसते, लिंबू असते. साखर पेल्यात विरघळवावी, नाहीतर खडा दातांत धरून त्यावरून चहाचे घोट घ्यावेत. गरिबांसाठी तिसरी तऱ्हा म्हणजे साखरेकडे नुसते बघत प्यावे, असा त्यांचाच विनोद आहे.

जेवण म्हणजे कोबीचे आंबूस सार, श्ची, आणि काशा, म्हणजे शिजवलेले धान्य, बहुतेकदा कुट्टू. एवढ्यावर कित्येक शतके निभावली. पण चहाचा थाट निराळा. कोबी किंवा मांसाचे सारण भरलेले पिरोग, दोरीत ओवलेली पावाची कडक कडी (ती माळ समोवारवरच लटकवतात), आणि फळे अख्खी राहतील असा पातळ मुरांबा. तो चहात ढवळायचा नसतो. छोट्या बशीतून चमच्याने खायचा आणि वर चहाचा घोट घ्यायचा. सोव्हिएत काळात तिथल्या स्वयंपाकघरांत आपलाही चहा पोहोचला. पिवळ्या पाकिटावर हत्ती असे आणि आत भारतीय चहात जॉर्जियाचा चहा मिसळलेला असे. तरी त्या हत्तीसाठी लोक रांगा लावत. आगगाडीत अजूनही डब्याच्या टोकाला गरम पाण्याची टाकी असते आणि काचेचा पेला नक्षीदार धातूच्या कोंदणात बसवून देतात.

बशीतून चहा पिणाऱ्या व्यापाऱ्याच्या बायकोचे बोरीस कुस्तोदियेव्हने काढलेले चित्र सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहे. गोरी, भरल्या अंगाची बाई, खांद्याला अंग घासणारे मांजर, चकचकीत समोवार, कापलेले कलिंगड, द्राक्षे, सफरचंदे, पाव. छापील प्रतीत मी ते पुष्कळदा न्याहाळले होते आणि दर वेळी बशीखालची तिची बोटेच बघत बसलो होतो. खालचे साल फार उशिरा वाचले. ते १९१८ होते. कमरेखालचे अंग लुळे पडलेला चित्रकार तेव्हा चाकांच्या खुर्चीत होता, आणि क्रांतीनंतरच्या त्याच्या पेत्रोग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, पावसुद्धा तोलून मिळत होता.