होल्ड

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी क्वालिटीला आहे. ऑटिझमचं निदान तिशी ओलांडल्यावर झालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण आमच्यासारख्या ठिकाणी ते कुणाला सांगणार?

त्या दिवशी एसजी आयर्नची हीट होती, म्हणजे ग्रॅफाइटचे गोळे असलेल्या चिवट ओतीव लोखंडाचा घाणा. ते गोळे व्हावेत म्हणून रसात मॅग्नेशियम घालतात. त्यानंतरचं नाणं, म्हणजे रसाचा चपटा नमुना, स्पेक्ट्रोमीटरवर तपासलं, मॅग्नेशियम ०.०४२ टक्के आलं, झकास. तेवढ्यात मोल्डिंग लाइन अडकली आणि लॅडल, रस ओतायचं भांडं, भरलेलं तसंच थांबलं. मॅग्नेशियम रसात टिकत नाही, मिनिटागणिक उडतं. ओतायला उशीर झाला की ग्रॅफाइटचे गोळे होत नाहीत, अळ्यांसारखे तुकडे होतात. कास्टिंग दिसायला तेच, ताकदीला कमी. म्हणून पहिल्या नाण्यावर विसंबायचं नसतं. शेवटच्या बॉक्समधला तुकडा पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरायचा. धरला. नोड्युलॅरिटी, म्हणजे गोळे झालेल्या ग्रॅफाइटचं प्रमाण, जेमतेम ७० टक्के, ग्राहकाला हवी ८५. उशिरा ओतलेल्या कास्टिंगना लाल पट्टा मारला, रजिस्टरला 'होल्ड', म्हणजे माल रोखा, असं लिहिलं आणि डबा उघडला.

संध्याकाळी प्रॉडक्शनचे साहेब लॅबमध्ये आले. "कुणी पढवलं तुला?"

मी मायक्रोचा फोटो पुढे केला. त्यांनी बघितलासुद्धा नाही. "असू दे. कळतंय आम्हाला."

मला काहीच कळलं नव्हतं. नंतर उलगडलं ते असं : माल त्याच रात्री निघायचा होता, साहेबांची बढती अडली होती आणि आमच्या हेडशी त्यांचं वाकडं होतं. हे सगळ्यांना ठाऊक, कारण ते चहाला बोललं जातं. मी चहाला जात नाही. चारजण एकदम बोलायला लागले की मला एकाचंही धड ऐकू येत नाही. त्या ७० टक्क्यांवर आजवर एकानेही वाद घातलेला नाही. मी कुणाच्या गटाचा, यावरच चर्चा.

फर्नेसवरचा मेल्टर तेवढा अपवाद. तो कन्नड, माझं कन्नड कामापुरतं. "मॅग्नेशियम एष्टु?", म्हणजे किती, याच्यापुढे आमचं बोलणं जात नाही, आणि अख्ख्या प्लँटमध्ये आमचंच सगळ्यात बरं जमतं.

गेटवर भेटेल तो "जेवलास काय?" विचारायचा. "जेवलो, तू?" हे उत्तर मी पाठ करून ठेवलंय. त्या होल्डनंतर कुणी विचारेना. घरी बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, वाळीत टाकलंय तुला." मी आठवडाभर खूश होतो.