हवाले काय इचारस!

2018 च्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका अ‍ॅक्सिलरेटरनं, म्हणजे नव्या उद्योगांना पैसा आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेनं, आम्हाला नाकारलं. मुलाखत अकरा मिनिटांची, त्यातली चार प्रोजेक्टर सुरू होण्यात गेली. केळी पिकवायच्या चेंबरचा आमचा कंट्रोलर, म्हणजे आतलं तापमान आणि वायू सांभाळणारा डबा, टेबलावर होता. कुणी हातसुद्धा लावला नाही. 'अ‍ॅप कुठंय?' आणि 'केळीशिवाय दुसरं काय?' नकाराच्या मेलमध्ये फर्मचं नावही चुकलेलं. अजून सलतं.

भाचा सांगतो, अमेरिकेत ईमेल पाठवून देणाऱ्या सेंडग्रिड कंपनीलाही वाय कॉम्बिनेटर या तिथल्या अ‍ॅक्सिलरेटरनं नाकारलं होतं, 2017 मध्ये ती शेअर बाजारात गेली. गेली असेल. तिला जळगावचा मे महिना काढावा लागला नाही.

आम्ही काढला. चोपड्याच्या आप्पांकडे पहिला डबा लावलेला. इथिलीन हा पिकवणारा वायू 100 पीपीएम (दहा लाखांत शंभर भाग), चोवीस तास दार बंद, मग झडप उघडून कार्बन डायऑक्साइड बाहेर, सगळं बरोबर. भिंतीवरचा सेन्सर 17 अंश दाखवत होता. दार उघडलं तर साल हिरवीच, आत गर मऊ, उकडल्यासारखा. अख्खी खोली गेली. क्रेट दाटीनं रचलेले, हवा आत फिरलीच नव्हती. पिकताना केळी स्वतःच तापतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं.

आप्पांनी खिशातली सुई असलेला थर्मामीटर काढून गरात खुपसला. 26! म्हणाले, "हवाले काय इचारस, मालले इचार." हवेला काय विचारतोस, मालाला विचार.

डबा काढून नेतो म्हटलं, तर "तू येडा शे का?" नुकसानीतलं निम्मं त्यांनी सोसलं. निम्म्यासाठी मी बायकोच्या पाटल्या ठेवल्या. त्या उन्हाळ्यात सोल्डरिंगची गन हातातून सुटली नाही. गरात खुपसायची सुई तेव्हा आली, आणि डबा खपायला लागला.

तो दोष त्या परीक्षकांनी पकडला असता, तर नकार मी मुकाट्यानं मानला असता.

पुढची वर्षं कामातच गेली. सावदा, रावेर, शिरपूर, बऱ्हाणपूर.

चेंबरवाल्यांनो, सुई महिन्यातून एकदा बर्फाच्या पाण्यात बुडवा, शून्य दाखवते का बघा. आणि दोन क्रेटच्या मध्ये चार बोटं जागा सोडा, भाडं वाचवायला जाऊ नका.

आप्पांकडे तोच पहिला डबा आहे, सुई जोडलेला. पडद्यावरच्या शेवटच्या आकड्यातली डावीकडची खालची काडी गेलीय, 18 चे 19 दिसतात, 16 चे 15. आप्पा मनातच हिशेब करतात. बदलू देत नाहीत.